टनाला ३६६ : एका माहितीपटाची कामवही

१६ ऑक्टोबर २०२३, धारूर तालुका

काल घट बसले. ज्या घरांत बसलेत त्यांतली निम्मी घरं दसरा झाला की कुलूप लावून निघतील. बीड जिल्ह्यात हे दरवर्षीचं आहे. बालाघाटाच्या या पट्ट्यात खरिपाचं एक पीक हाती लागलं तर लागलं, पुढचे पाच-सहा महिने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात.

आम्ही तिघं. मी, कॅमेरावाला, आवाजवाला. एक जुनी गाडी, दोन कॅमेरे, तीन लेपल माइक, एक बूम माइक, चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क. पैसे तिघांच्या खिशातले, म्हणून ड्रोन नाही. कॅमेरावाल्याला त्याचं वाईट वाटतंय. मला नाही. वरून पाहिलेला उसाचा फड फार देखणा दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

ज्या कुटुंबासोबत जायचं ठरलंय त्यांनी आषाढातच उचल घेतली, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, एक लाख वीस हजार. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. हाताला एकटाच माणूस असेल तर तो अर्धा कोयता. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावानं होते हे इथे कोणालाच खटकत नाही. मला पहिल्या दिवशी खटकलं, आज संध्याकाळपर्यंत मीही "तुमच्या टोळीत किती कोयते?" असं विचारायला लागले. (दहा.)

उचल कुठे गेली ते विचारलं. थोरल्या पुतणीच्या लग्नाचं देणं, सासऱ्याचा दवाखाना, सोयाबीनचं बी आणि खत. हातात उरले आठ-नऊ हजार. म्हणजे कोयता हातात घेण्याआधीच मजुरी खर्च झालेली. माहितीपट याच एका गोष्टीवर करायचा आहे. अडचण एवढीच की कर्ज दिसत नाही. कष्ट दिसतात. कॅमेरा जिथे लावावा तिथे कष्ट आपोआप भरतात.

२७ ऑक्टोबर

ट्रक रात्री साडेअकराला निघाला. दहा कोयते, चौदा मुलं, सहा शेळ्या, कोंबड्यांच्या दोन पाट्या. पिठाची पोती, पाण्याचे ड्रम, चुलीचं लोखंडी कडं, गोधड्या, एक देव्हारा. घरात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या ट्रकच्या उजेडात उभ्या होत्या आणि कोणी रडत नव्हतं. आम्ही रडण्याची तयारी ठेवून आलो होतो, लेन्ससुद्धा त्यासाठीच बदलली होती. एक आजी पुढे होऊन सुनेला म्हणाली, "कुलपाची किल्ली दिलीस का?" बस.

कुटुंबातली मुलगी आठवीत आहे. ती पण निघाली. गावात हंगामी वसतिगृह सुरू होतं, जिल्हा परिषद मुलांच्या जेवणाची सोय करते, पण रात्री निजायला घरी कोणीतरी मोठं माणूस लागतं. हिच्या घरी आजी नाही. शिवाय पाच वर्षांच्या भावाला फडावर सांभाळणार कोण? शाळेचं दप्तर ट्रकमध्ये सगळ्यांत वर, पिठाच्या पोत्यावर ठेवलेलं. हा शॉट घेतला. जरा जास्तच बोलका आहे, बहुतेक वापरणार नाही.

११ नोव्हेंबर, कोल्हापूर जिल्हा

उद्या लक्ष्मीपूजन आणि अजून एक मोळी तुटलेली नाही.

सरकारनं गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू करा म्हणून सांगितलं होतं. इकडे स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं आंदोलन चालू आहे : गेल्या हंगामातल्या उसाला टनाला चारशे रुपये जादा द्या, मगच ऊस तोडा. शेतकऱ्याची मागणी चुकीची म्हणवत नाही. पण शेतकरी आणि कारखाना यांच्या भांडणात टोळी माळावर बसून आहे. तोड नाही म्हणजे टन नाही आणि टन नाही म्हणजे उचलीतला एक रुपया फिटत नाही. खायला मात्र रोज लागतं. मुकादम, म्हणजे उचल देऊन टोळी आणणारा, आठवड्याची खर्ची देतो, दीड हजार, तीही अंगावरच चढते.

कोप्या उभ्या राहिल्या. बांबूच्या कमानी वाकवून त्यावर तट्ट्या, त्यावर प्लास्टिक. आत वाकून जायचं आणि वाकूनच राहायचं. कॅमेरावाल्याची उंची सहा फूट. दोन दिवसांत त्याची पाठ धरली आहे आणि तो सगळे शॉट बसून घेतोय. त्यानं फायदाच झाला, कॅमेरा आता बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे.

२४ नोव्हेंबर

काल पुणे-बंगळूर हायवेवर चक्का जाम झाला आणि संध्याकाळी तोडगा निघाला. आज पहाटे टोळी फडात. २७ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर, अठ्ठावीस दिवस बिनकामाचे. आमच्या फिल्ममध्ये या अठ्ठावीस दिवसांना काय द्यायचं? रिकामेपण दाखवायला वेळच लागतो आणि वेळ तर प्रेक्षक देत नाही.

२ डिसेंबर

आज पूर्ण दिवस एकटीच्या, मुलीच्या आईच्या, मागे लावला. इथून पुढे तिला आक्का म्हणते, टोळीतही सगळे तेच म्हणतात.

पावणेतीनला उठली. चूल पेटली तेव्हा बाहेर धुकं इतकं की मॉनिटरवर नुसता करडा रंग. दोन्ही वेळच्या मिळून अठरा भाकरी. पाणी अर्धा किलोमीटरवरच्या विहिरीतून, तीन खेपा. आंघोळ अंधारातच उरकायची, चारी बाजूंनी साड्या लावलेल्या जागेत. साडेचारला फडाकडे.

तोडणीला एक शिस्त आहे. नवरा बुडख्याशी कोयता घालतो, अगदी जमिनीला लागून, कारण साखर बुडात असते आणि वीतभर खोडकी राहिली की शेतमालक बोलतो. कोयत्याच्या पाठीनं पाचट सोलायचं, शेंडा छाटायचा. आक्का मागून ऊस गोळा करते, वाढ्याला, म्हणजे छाटलेल्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन त्याचाच बंध करते, पायानं दाबते आणि मोळी आवळते. गुडघा, टाच, मनगट, तिन्ही एका वेळी. वाढे वेगळे बांधून ठेवायचे, संध्याकाळी जनावरंवाले येऊन नेतात, ते चार पैसे रोखीत हाताला येतात. दिवसभरात पाहिलेला एवढाच रोख पैसा.

दुपारी वाटलं, झालं. नाही झालं. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रात्री दहाला आला. तुटलेला ऊस पडून राहिला की वाळतो, साखर उतरते, म्हणून गाडी येईल तेव्हा भरायची. डोक्यावर मोळी, ट्रॉलीला टेकवलेली फळी, फळीवरून वर. माझ्या उजव्या हाताला आक्काचे पाय होते, फळीवर. फळी दर पावलाला खाली वाकायची आणि परत वर यायची, आणि ती त्या हेलकाव्यावर पाऊल बरोबर टाकायची, झोपेत चालल्यासारखी. मी आठव्या फेरीला मोजणं सोडलं. झोपायला साडेबारा.

आवाजाची रड : पाचटाची सळसळ लेपलमध्ये इतकी येते की माणसाचं बोलणं बुडतं. आवाजवाला म्हणतो, इथे दिवसा कोणी काही बोलूच शकत नाही. ठरलं, फडातले आवाज फडाचेच ठेवायचे आणि बोलणं रात्री कोपीत घ्यायचं. तसंही मुलाखतीसाठी दहा मिनिटं हात थांबवले तर ती दहा मिनिटं त्यांच्याच टनातून जातात.

३ डिसेंबर

शेजारच्या कोपीतली बाई. मी नुसतं बसायला म्हणून गेले, कॅमेरा बंद. तिनं आधी मला नीट पाहून घेतलं.

"पिशवीचंच इचारायला आलात ना?"

नाही म्हटलं.

"मग बसा. पिशवीचं आसंल तर च्या प्या अन् जावा. लई जन आले. कोनी इचारलं न्हाई का किती टन तोडला म्हून."

२०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागे एक. आकडा भयंकर आहे आणि तो बाहेर आला हे चांगलंच झालं. पण मग कॅमेऱ्यांनी या बायकांकडे बघताना तेवढंच बघितलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात, खाडा नको म्हणून पिशवी नको, हा हिशोब बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात आणि पोटावरचा टाका पहिल्या फोटोत.

रात्री मनात 'हमारा शहर' हा माहितीपट होता. आनंद पटवर्धनांनी मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर १९८५मध्ये केलेला. त्यात एक बाई सरळ कॅमेऱ्यावरच उखडते, आमचे फोटो काढून नाव तुम्ही कमावणार असा तिचा रोख. पटवर्धनांनी तो भाग कापला नाही. कॉलेजात तो पाहिला तेव्हा मला दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं होतं. आज वाटलं, तिचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

९ डिसेंबर

सापडलं!

जेवणं झाल्यावर मुलगी दप्तरातून वही काढते. गणिताची वही, मागच्या बाजूनं उलटी सुरू केलेली. मोबाइलचा टॉर्च दातात धरून ती लिहिते : तारीख, कोणाचा फड, गाडीचा शेवटचा नंबर, काट्याच्या चिठ्ठीवरचं वजन, त्या दिवशी कामावर किती कोयते. वजनाला कोयत्यांनी भागायचं. आजची ओळ अशी होती : १७ टन १०० किलो, ९ कोयते (एका घरचा ताप), १ टन ९०० किलो. खाली दुसऱ्या रकान्यात खर्ची.

बापानं सांगितलं, गेल्या वर्षी मुकादमाच्या वहीत खाडे जास्त निघाले. कोणाचं खरं ते ठरवायला यांच्याकडे कागदच नव्हता. या वर्षी पोरगी लिहिते. तिची त्रैराशिकं पक्की आहेत. वर्गात अपूर्णांकाला अडते म्हणाली आणि इथे रोज दशांशात भागाकार करते.

जवळजवळ दोन महिने मी कर्जाचं चित्र शोधतेय आणि ते आठ बाय सहाच्या कोपीत रोज रात्री काढलं जातंय. आम्ही तिघं परतताना गाडीत मोठमोठ्यानं बोलत होतो.

तांत्रिक : बॉलपेनचं निळं लिखाण टॉर्चच्या उजेडात फिकट दिसतं, अक्षर वाचता येत नाही. उद्या तिला जाड टोकाचा काळा जेल पेन आणून द्यायचा. आवाजवाला कुरकुरला, आपण गोष्टींत ढवळाढवळ करतोय. एका पेनानं काय होतं, असं मी म्हटलं.

१० डिसेंबर

पेन दिला. खूश आहे. अक्षर आता मॉनिटरवर लख्ख दिसतं. जुन्या ओळीही तिनं हौसेनं पेनानं गिरवून काढल्या.

५ जानेवारी २०२४

तोडणीचा दर वाढला. संपाच्या इशाऱ्यानंतर पुण्यात बैठक झाली, कारखान्यांचा साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना ३४ टक्क्यांवर थांबल्या, तीन वर्षांसाठी. टनाला २७३ होते ते ३६६ झाले. फोनवर बातमी आली तेव्हा टोळी मोळ्या बांधत होती. कोणी हात थांबवला नाही, एकानं शीळ घातली.

रात्री मुलीनं वहीत नवा भागाकार मांडला. एक लाख वीस हजार भागिले ३६६. उत्तर ३२८ टन, म्हणजे नुसती उचल फिटायला एवढा ऊस तोडायचा, खर्ची वेगळी. जुन्या दरानं हेच ४४० टन झालं असतं. मग तिनं रोजच्या सरासरीनं भागलं, १ टन ८०० किलोनं. १८२ दिवस. हंगाम उशिरा सुरू झाला, मार्चमध्ये संपणार. तिनं बोटांवर महिने मोजले, बापाकडे पाहिलं, पान उलटलं आणि भावाच्या नाकाचा शेंबूड पुसला.

मला माहितीपटात निवेदन नकोच होतं. आता तर मुळीच नको. हा भागाकार जसाच्या तसा, न कापता, चार मिनिटं.

१६ जानेवारी

काल संक्रांत. आक्कानं फडाच्या बांधावरच वाणाला ऊस दिला. पिकवणारा दुसरा, तोडणारी ही, पण सुगडात घालायला कांडं हिच्याकडे भरपूर. बायका हसत होत्या. फिल्ममध्ये हसणं फार कमी आहे हे रशेस, म्हणजे कच्चं फुटेज, बघताना जाणवलं. ते हसत नव्हते असं नाही, आम्ही तेव्हा बॅटरी वाचवत होतो.

८ फेब्रुवारी

मुकादमाची मुलाखत. तो यांच्याच गावचा. बाप कोयता, हाही बारा वर्षं कोयता, मग टोळी धरली. त्याला खलनायक करणं सगळ्यांत सोपं. तो म्हणतो, पैसा माझा नाही, ट्रॅक्टरमालकाकडून आणि कारखान्याकडून घेतलेला. टोळीतला एखादा कोयता रात्रीतून पळाला, दुसरीकडे दुप्पट उचल घेऊन गेला, की भरपाई माझ्या शेतातून. दोन वर्षांपूर्वी असे तीन पळाले, त्यानं दोन एकर गहाण टाकली. "तुमच्या फिल्मीत माजं कोन ऐकनार?"

मी वहीचा विषय काढला नाही. मुलीची वही आहे हे त्याला माहीत आहे की नाही तेही कळलं नाही. त्याची स्वतःची वही लाल कापडात बांधलेली, मांडीखाली. मुलाखतभर तो तिच्यावर बसून होता. हा शॉट हवाच.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. आगाऊ रक्कम देऊन माणसाची मजुरी बांधून घेणं हे त्यात बसतं. इथे माणूस मोकळा आहे, फिरू शकतो, सिनेमाला जाऊ शकतो. फक्त दुसरीकडे काम करू शकत नाही.

१४ मार्च

पट्टा पडला, हंगाम संपला. शेवटच्या गाडीला पाचटाचं तोरण, हळद, गुलाल, ट्रॅक्टरवर गाणी. कॅमेरावाल्यानं मनसोक्त शूट केलं. मी कोपीत होते.

मुलीनं वहीची बेरीज मारली. कामाचे दिवस ९७. एकूण १७६ टन. टनाला ३६६ नं ६४,४१६ रुपये. उचल अधिक सोळा आठवड्यांची खर्ची, १,४४,०००. अंगावर बाकी ७९,५८४. (काम सुरू होण्याआधीच्या आठवड्यांची खर्ची मुकादमानं माणुसकी म्हणून सोडली, असं बाप म्हणाला. वहीत तशी टीपही आहे.)

मग कॅमेऱ्यासाठी तिला म्हटलं, पहिल्यापासून पानं उलट. तिनं उलटली. पाचव्या पानापर्यंत कॅमेरा कागदावर, आणि तिथून कॅमेरावाल्यानं हळूच फोकस ओढत तिच्या चेहऱ्यावर आणला. टॉर्चचा उजेड खालून, ओठ आकडे पुटपुटताहेत. मी श्वास धरून होते. कट म्हटल्यावर आवाजवालाही काही बोलला नाही. हा आमच्या फिल्मचा शॉट.

२ मे, पुणे

एकसष्ट तासांचं फुटेज. पहिली जुळणी तीन तास दहा मिनिटं. सत्तर मिनिटांवर आणायची आहे.

ज्यांना ज्यांना दाखवलं ते विचारतात, निवेदन कुठे आहे? आपल्या कानांत अजून फिल्म्स डिव्हिजन आहे. १९४८मध्ये निघालेल्या या सरकारी संस्थेची वृत्तचित्रं थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सक्तीनं दाखवली जायची. धरण, कालवा, संकरित गाय, आणि सगळं जाणणारा एक खर्जातला पुरुषी आवाज. पडद्यावरचा माणूस काय करतोय ते त्या आवाजाला माणसापेक्षा जास्त ठाऊक. त्या काळातही त्याच संस्थेत काही वेड्यांनी वेगळं केलं, हे खरं, पण आम जनतेला तो आवाजच आठवतो. पडद्यावर गरीब माणूस दिसला की कोणीतरी समजावून सांगितल्याशिवाय प्रेक्षकाला चैन पडत नाही.

निवेदन नाही. कुठे कुठे काळ्या पडद्यावर आकडे.

'अठ्ठावीस दिवस बिनकामाचे' हा भाग बाराव्यांदा कापला. आता तीन मिनिटं. कोपीच्या दारात बसलेला माणूस, विडी, लांबून फटाक्यांचा आवाज. मला तीनही मिनिटं प्रिय आहेत.

१८ जून

मुंबईत मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू आहे, आमची फिल्म तयार नाही. एका ज्येष्ठानं फोनवर २००४ची गोष्ट सांगितली : मिफनं भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातल्यावरून वाद पेटला तेव्हा निर्मात्यांनी बाहेरच 'विकल्प' नावानं समांतर महोत्सव मांडला. "तुम्ही कशाची वाट बघताय? आधी गावात दाखवा." पटलं. तसंही जाहीर खेळाला प्रमाणपत्र लागतंच, ते होईल तेव्हा होईल. गावकऱ्यांना त्यांचीच फिल्म दाखवून मत घेणं हा संकलनाचाच भाग आहे.

१९ सप्टेंबर, धारूर तालुका

परवा गणपती बुडाले, मंडळाचा जनरेटर आणि स्पीकर अजून परत गेले नव्हते. मारुतीच्या देवळासमोर दोन धोतरं जोडून पडदा. दीडशे माणसं तरी असतील. मुकादम मागच्या रांगेत उभा.

पहिल्या दहा मिनिटांत हशा. कारण कळेना. मग एक बाई ओरडली, "आगं, शेंडा छाटायच्या आधीच मोळी बांधली की हिनं!" संकलनात आम्ही वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडले होते. शहरात पंचवीस जणांनी तो प्रसंग पाहिला, कोणाला काही खटकलं नाही. इथे पाचवीतल्या पोराला कळलं. शिवाय आक्काची साडी मोळी उचलताना हिरवी आणि ट्रॉलीवर चढताना जांभळी. त्यावरून तिची रात्रभर चेष्टा.

दुसरी हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. साड्यांनी आडोसा केलेली आंघोळीची जागा आम्ही लांबून दाखवली होती, रिकामी, उजाडताना. सुंदर शॉट. आक्का संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ते काडा. तितं कोन न्हातं ते समद्याला ठावं हाये." तिनं ऑक्टोबरात कागदावर सही केली होती. सही घेताना ती कशाला सही करतेय ते तिला कुठून दिसणार होतं, मलाच दिसत नव्हतं. शॉट रात्रीच टाइमलाइनवरून काढला.

तिसरं, वहीचा प्रसंग. भागाकार चालू होता तेव्हा देवळासमोर चिडीचूप. पुढच्या रांगेतली माणसं ओठ हलवत होती, तीही भागत होती. फोकस चेहऱ्यावर गेला तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, "आरं, वही दाव की! पोरीचं त्वांड काय बगायचं, घरचीच हाये." पुन्हा हशा. मीही हसले.

मुकादम जाताना काही बोलला नाही.

३० सप्टेंबर

मुलीचा फोन, बापाच्या मोबाइलवरून. या वर्षी ती वसतिगृहात राहणार. ऊसतोड महामंडळाच्या संत भगवानबाबा वसतिगृहांत नाव लागलंय, आई-बाप जातील आणि धाकट्याला घेऊन जातील. छान म्हटलं. मग बाप बोलला.

नवी उचल देताना मुकादमानं जुनी बाकी सांगितली : ९१,०००. वहीतली ७९,५८४. फरक ११,४१६ रुपये, म्हणजे एकतीस टन. बाप म्हणाला, पोरीची वही आणतो. पेटी उघडली. ऑगस्टात घर गळलं होतं, पेटीत पाणी गेलं होतं. बाकीच्या वह्यांतली बॉलपेनची अक्षरं आहेत तशी आहेत. या वहीतली नाहीत. पानं काळी-जांभळी, सगळीकडे नुसता ओघळ.

"ताई, तुमच्या फिल्मीत हाये ना वही? त्याचे फोटो काडून देता का? मुकादम म्हनला, फिल्मीत आसंल तर मानतो."

हो म्हटलं. लगेच म्हटलं.

३ ऑक्टोबर २०२४

घट बसले आज. तीन दिवस तिघं मिळून दोन्ही हार्ड डिस्क चाळतोय. ज्या ज्या रात्री वही शूट केली त्यांचं सगळं फुटेज, फिल्ममध्ये न घेतलेलंही. प्रत्येक फ्रेम मोठी करून ओळ वाचायची, तारीख ताडायची, तक्त्यात भरायची. आवाजवाल्याला एक युक्ती सुचली. मुलगी लिहिताना पुटपुटते, तेव्हा माइकवरून दोन दिवस मिळाले. एकूण ५८.

९७मधले ५८. प्रिंट काढून उद्या एसटीनं पाठवतोय, मुकादम मोबाइलवरचं मानणार नाही म्हणाला आहे. आक्काची माणसं दसरा झाला की निघणार. आठ-दहा दिवस आहेत.

उरलेले ३९ दिवस सहाव्या पानापासून पुढे आहेत. ती पानं सलग, एकाच वेळी उलटलेली फक्त १४ मार्चच्या शॉटमध्ये आहेत. कॅमेरावाला तो शॉट आज वीसेक वेळा पुढे-मागे करून बसला आहे. अक्षर धारदार करणारे दोन सॉफ्टवेअर लावून पाहिले, कागदावर करडे डाग येतात. पानं उलटताना बोट दिसतं, समास दिसतो, ओळी आहेत एवढं कळतं. चेहऱ्यावरचा फोकस मात्र इतका अचूक आहे की पापण्यांचे केस मोजता येतात.